साथ आली तर थेरपीचं काय?

२४ मार्च २०२० च्या रात्री करोनामुळे टाळेबंदी जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवसापासून स्वमग्न मुलांच्या थेरपी सेंटरांना कुलपं लागली. शाळांनी निदान ऑनलाइन वर्ग काढले, बरेवाईट कसेही. पण पाणी हवं असलं की जो मुलगा भिंतीवर डोकं आपटतो आणि ज्याला त्याऐवजी ग्लासाच्या चित्रावर बोट ठेवायला शिकवणं चाललं होतं, त्याच्यासमोर मोबाइल धरून नेमकं काय करायचं? सरकारनं बंद म्हटलं तेव्हा सेंटरं बंद झाली, उघडा म्हटलं तेव्हा उघडली. मधल्या काळात कुणाला फोनवर सांभाळायचं, कुणाच्या घरी जायचं, कुणाला आधी परत बोलवायचं, हे बऱ्याच ठिकाणी ठरवलं गेलं नाही. ते आपोआप ठरत गेलं. आपोआप ठरलं की ज्याचे पालक जास्त फोन करतात त्याचा नंबर आधी लागतो.

निदान पुण्याला तरी हे नवीन नव्हतं. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूमुळे शहरातल्या शाळा बंद झाल्या होत्या. तेव्हा प्रकरण लवकर आटोपलं आणि धडा कुणी लिहून ठेवला नाही. पुढची साथ कधी येईल ते सांगता येत नाही, पण त्या वेळचे निर्णय कसे घ्यायचे, हे आज शांतपणे बसून ठरवता येतं. वर्तनोपचार करणारे थेरपिस्ट, सेंटर चालवणारे आणि ज्यांची मुलं तिथं जातात ते पालक, अशा तिघांनी मिळून ते ठरवावं, यासाठी हा लेख.

अमेरिकेत वर्तनोपचाराचा पसारा मोठा, त्याला विम्याचे पैसे मिळतात आणि त्यामुळे तिथं हा वाद २०२० च्या वसंतातच जोरात झाला. ‘बिहेवियर ॲनालिसिस इन प्रॅक्टिस’ या नियतकालिकात डेव्हिड कॉक्स, जोशुआ प्लावनिक आणि मॅथ्यू ब्रॉडहेड यांनी लिहिलं, त्याचा रोख असा: समोरासमोरचं सेशन म्हणजे संसर्गाची जोखीम, ते चालू ठेवायचं असेल तर का ठेवायचं, हे आधी सिद्ध करा. लिंडा लेब्लांक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर दिलं की सेवा थांबवण्यालाही किंमत असते, ती कुटुंबं मोजतात आणि प्रत्येक कुटुंबाची परिस्थिती पाहिल्याशिवाय सरसकट ‘थांबा’ म्हणणं करुणेला धरून नाही. त्याच वर्षी कोलंबो, वॉलेस आणि टेलर यांनी कुणाची सेवा अत्यावश्यक मानायची, हे पायरीपायरीनं ठरवण्याचा एक आराखडा मांडला.

माझं मत विचाराल तर साथीच्या पहिल्या काही आठवड्यांत, जेव्हा रोगाबद्दल फारसं काही कळलेलं नसतं, तेव्हा कॉक्स मंडळींचं ऐकावं. त्यानंतर लेब्लांक यांचं. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी उलटं झालं. टाळेबंदीआधी ‘बघू, चालू ठेवू’ आणि नंतर कित्येक महिने सगळ्यांनाच एका मापात बंद. महाराष्ट्रात शाळा मध्ये थोड्या काळासाठी उघडून पुन्हा बंद झाल्या आणि वर्ग राज्यभर परत भरायला ऑक्टोबर २०२१ उजाडला, तेही वरच्या इयत्तांचे. लहानांचे वर्ग त्याहूनही लांबले. पाच वर्षांच्या मुलाच्या आयुष्यातली दोन वर्षं म्हणजे किती, ते त्याच्या आईबापांना विचारा.

थांबवलं तर नेमकं काय होईल?

पहिला प्रश्न हा आणि तो एकेका मुलाबद्दल विचारायचा. ‘आमच्या सेंटरचं धोरण’ हे त्याचं उत्तर असू शकत नाही.

थांबवल्यानं होणारं नुकसान तीन तऱ्हेचं असतं. काही मुलांच्या बाबतीत शिकणं लांबतं, एवढंच. रंग ओळखणं, आकड्यांचा क्रम, टेबलावर बसून करायचे बरेचसे कार्यक्रम या जातीचे. ते सहा महिने उशिरा झाले तरी आभाळ कोसळत नाही. काहींचं आलेलं कौशल्य जातं, ज्याला पालक आणि थेरपिस्ट दोघंही ‘रिग्रेशन’ म्हणतात: संडासला सांगायला लागलेला मुलगा पुन्हा चड्डीत करतो, चित्रं दाखवून मागणारी मुलगी पुन्हा किंचाळते. आणि काही थोड्यांच्या बाबतीत सरळ इजा होते. स्वतःचा हात चावणं, डोळ्यांत बोटं खुपसणं, दार उघडं दिसलं की रस्त्याकडे धावणं, खाणंच बंद करणं. या तिसऱ्या गटाला ‘ऑनलाइन बघू’ म्हणून वाटेला लावणं अनैतिक आहे, असं मी स्पष्ट म्हणेन. त्यांच्यासाठी घरी जाण्याची, किंवा एकाच मुलाला सेंटरवर बोलावण्याची वाट परवानगी काढून शोधायला हवी.

आता इथं एक गोम आहे. मोठे वर्तनप्रश्न असलेली मुलं मास्क ठेवत नाहीत, थुंकतात, चावतात, त्यांना हाताला धरावं लागतं. ‘दो गज की दूरी’ त्यांच्यासोबत पाळताच येत नाही. त्यामुळे सेंटर उघडलं की शांत बसणारी, मास्क घालणारी मुलं आधी आत येतात आणि ज्यांना सगळ्यात जास्त गरज, ती रांगेत सर्वांत शेवटी उभी राहतात. हे कुणी दुष्टपणानं करत नाही. सोयीनं होतं. म्हणून परतीचा क्रम गरजेप्रमाणे आधीच लिहून ठेवावा आणि मोठे वर्तनप्रश्न असलेल्या मुलांसाठी खबरदारी वाढवावी: मोकळी हवा येणारी खोली, थेरपिस्टला चांगला मास्क आणि लांब बाह्यांचा कोट, एका वेळी एकच मूल, वेळ कमी.

आणखी एक गोष्ट, जी सेंटरवाल्यांना फारशी आवडणार नाही. सक्तीच्या सुट्टीत काही मुलं घरी खूश होती. पहाटे उठवणं नाही, रिक्षा नाही, दिवसभर ‘इकडे बघ, हात खाली, नीट बस’ नाही. एखादं उद्दिष्ट सहा महिने सोडून दिल्यावर मुलाचं, घरच्यांचं कुणाचंच काही बिघडलं नसेल, तर ते मुळात कुणासाठी होतं, हे विचारा. मोठे झालेले स्वमग्न लोक वर्तनोपचारावर हीच टीका वर्षानुवर्षं करत आले आहेत. डोळ्यांत डोळे घालून बघायला शिकवण्याचे कार्यक्रम परत सुरू करण्याआधी त्यांचं म्हणणं एकदा वाचा.

पडद्यावरून काय करता येतं, काय सुरू करू नये

ऑनलाइन म्हणजे दुय्यम, असं सरसकट म्हणणं चुकीचं आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात डेव्हिड वॅकर आणि सहकारी साथीच्या कितीतरी आधीपासून व्हिडिओवरून पालकांना मार्गदर्शन करत होते. मूल त्रासदायक वर्तन का करतं याची तपासणी आणि त्या वर्तनाऐवजी मागायला शिकवणं, हे दोन्ही पालकांनी थेरपिस्टच्या सांगण्यावरून केलं. याच गटाच्या २०१६ च्या अभ्यासात घरी जाऊन दिलेला उपचार, जवळच्या दवाखान्यातून व्हिडिओवर आणि थेट घरून व्हिडिओवर, अशा तिन्ही प्रकारांत त्रासदायक वर्तन सरासरी ९० टक्क्यांहून अधिक कमी झालं आणि व्हिडिओचा खर्च कमी आला. पण यातली मेख विसरू नका: तिथं पडद्यासमोर मूल नव्हतं, पालक होते. चार वर्षांच्या न बोलणाऱ्या मुलाला झूमसमोर अर्धा तास बसवून ठेवणं आणि त्याला सेशन म्हणणं, हा वेगळाच प्रकार आहे. तो थेरपी नव्हे.

मग ठरवायचं कसं? वर्तन कशासाठी होतं, त्यावरून. मूल ओरडल्यावर त्याला काय मिळतं? आईचं लक्ष, मोबाइल, की नको असलेल्या कामातून सुटका? की बाहेरून काहीच मिळत नाही, त्या हालचालीतच त्याला बरं वाटतं? घरात टाळेबंदी असताना ही गणितं बदलतात. सेंटरवर काम टाळण्यासाठी ओरडणारा मुलगा घरी आईच्या लक्षासाठी ओरडू लागतो, कारण आई समोरच असते पण ऑफिसच्या कॉलवर असते. जुनी योजना जशीच्या तशी व्हॉट्सॲपवर पाठवून दिली, तर ती चुकीच्या कारणावर काम करते. म्हणून घरात पहिले काही दिवस फक्त नोंदी: आधी काय घडलं, मुलानं काय केलं, नंतर काय झालं. पालकांना वहीत तीन रकाने आखून द्या. बहुतेक आया हे आपल्यापेक्षा बारकाईनं लिहितात.

एक गोष्ट मात्र दुरून सुरू करू नये, असं मी ठामपणे सांगते. ती म्हणजे दुर्लक्ष करून वर्तन थांबवण्याची पद्धत. आजवर ओरडल्यावर मिळत होतं ते आता द्यायचं नाही, असं ठरवलं की ओरडणं आधी वाढू शकतं, कधी कधी भयंकर वाढतं. आपटणं जोरात होतं, नवीन काहीतरी सुरू होतं. थेरपिस्टला हे अपेक्षित असतं, तो समोर असतो, इजा होऊ देत नाही. घरी एकट्या आईच्या अंगावर हे आलं, शेजारी दार वाजवू लागले, सासूबाई ‘दे गं बाई त्याला’ म्हणाल्या, की ती विसाव्या मिनिटाला हार मानते. त्यात तिची काही चूक नाही. पण मुलगा त्यातून शिकतो की वीस मिनिटं ओरडलं तर मिळतं. आधी दोन मिनिटांत थांबणारं आता वीस मिनिटं चालतं आणि अधूनमधून यश मिळत असल्यामुळे ते मोडायला आणखी कठीण होतं. वर्तनशास्त्राचं हे अगदी प्राथमिक तत्त्व आहे. तरीही टाळेबंदीत पालकांना ‘लक्षच देऊ नका’ हा सल्ला फोनवर सर्रास दिला गेला.

त्याऐवजी दुरून काय करावं? घरातली परिस्थितीच अशी बदला की वर्तनाची वेळच कमी येईल: मोबाइल नजरेआड, दिवसाचा क्रम चित्रांत भिंतीवर, मुलाकडून करून घ्यायची कामं निम्मी. मागायची एक सोपी, लगेच फळणारी रीत शिकवा, शब्द, खूण किंवा चित्र, जे जमेल ते. आणि पहिल्या दिवसांत ती प्रत्येक वेळी फळू द्या, मग बिस्किटं संपली तरी चालतील. प्रगती संथ होईल. पण घर टिकेल.

त्या घरात किती माणसं आणि किती फोन?

ऑनलाइनचा निर्णय घेताना थेरपिस्ट इंटरनेटचा वेग विचारतात. विचारायचं ते असं: घरात स्मार्टफोन किती आणि दिवसा कुणाकडे असतो? एका खोलीत किती जण राहतात? मोठ्या भावंडाचा वर्ग त्याच फोनवर आहे का? आईची नोकरी चालू आहे का, गेली आहे का? वडील हात उचलतात का? शेवटचा प्रश्न विचारायला अवघड आहे, पण वर्तनाचा ताण वाढला की मार बसतो, आणि तो बसत असेल तर तुमची ऑनलाइन योजना त्या मुलाला अधिक धोक्यात घालू शकते. अशा घरात आठवड्याला एक तासाच्या सेशनपेक्षा रोज दहा मिनिटांचा फोन, तोही आईची विचारपूस करणारा, जास्त उपयोगी पडतो.

पालक सहथेरपिस्ट झाले पाहिजेत, हे वाक्य टाळेबंदीत घोषणेसारखं झालं. ते अर्धंच खरं आहे. ज्या आईला जमत नाही, तिला ‘तुम्ही प्रयत्न करत नाही’ असं वाटायला लावू नका. तिच्यापुरती एक गोष्ट ठरवा, जेवणाच्या वेळेची किंवा आंघोळीची, आणि तेवढीच पक्की करा.

जोखीम कुणाच्या अंगावर?

घरोघरी जाणाऱ्या सहायक थेरपिस्टचा विचार या सगळ्यात सर्वांत कमी होतो. बहुधा विशी-पंचविशीतली मुलगी, पगार सेशनवर, दिवसाला चार घरं. सेशन बंद म्हणजे पगार बंद, म्हणून ती नाही म्हणू शकत नाही. तिच्या घरीही आजारी वडील असतील. आणि साथ पसरवणारा दुवा म्हणूनही तीच सगळ्यात धोक्याची, कारण ती चार घरांना जोडते. यावर साधा उपाय असा की एका थेरपिस्टला एक किंवा दोनच घरं, ठरावीक काळासाठी, आणि जायचं नसेल तर कामावरून न काढता दुसरं काम: नोंदी, साहित्य तयार करणं, पालकांना फोन. तिची संमती मालकाच्या नजरेखाली घेतलेली नको.

दुसऱ्या बाजूला जोखीम त्या घरातल्या आजी-आजोबांच्याही अंगावर. साथीच्या काळात लस आली की हीही जोखीम संपेल, असं वाटायचं. भारतात लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झालं, १५ ते १८ वयोगटाचं ३ जानेवारी २०२२ ला, १२ ते १४ चं १६ मार्च २०२२ ला. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी सरकारी मोहीम सुरू झालीच नाही. म्हणजे थेरपीला येणारी बहुतेक लहान मुलं शेवटपर्यंत लसीविनाच होती आणि त्यांच्या भोवतालच्या मोठ्यांची लस हेच त्यांचं संरक्षण होतं. पुढच्या साथीतही लहान मुलं यादीत शेवटीच असतील, असं गृहीत धरून योजना करा.

मास्कबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ऑगस्ट २०२० मध्येच सांगितलं होतं की पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्कची सक्ती नको आणि विकासात्मक अडचणी असलेल्या मुलांना कोणत्याही वयात सक्ती नको, प्रत्येकाचं वेगळं पाहावं. तेव्हा ‘मास्क नाही तर प्रवेश नाही’ ही पाटी अशा सेंटरच्या दारावर शोभत नाही. मास्क मात्र शिकवता येतो. मैत्री शिवरामन आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहा स्वमग्न मुलांना पालकांकरवी, व्हिडिओ कॉलवरून, लहान लहान पायऱ्यांनी दहा मिनिटं मास्क ठेवायला शिकवलं होतं. आधी मास्क हातात, मग गालाला, मग क्षणभर नाकावर. पुढच्या साथीची वाट न पाहता हे आजही करता येईल. दवाखान्यात, दंतवैद्याकडे ते कामी येतंच.

फी, व्हिडिओ आणि संमती

पैशाचं बोलायला थेरपिस्ट लाजतात आणि मग गोंधळ होतो. सेंटरचं भाडं, पगार थांबत नाहीत, हे खरं. पण ऑनलाइन द्यायचं की नाही, हे फीवरून ठरत असेल तर तो निर्णय मुलाचा राहत नाही. स्वतःला एक प्रश्न विचारा: या मुलाची फी नसती, तर मी हाच सल्ला दिला असता का? व्हिडिओवरच्या अर्ध्या तासाला सेंटरवरच्या दोन तासांची फी लावू नका, आणि न दिलेल्या सेशनची ‘जागा राखण्यासाठी’ फी घेऊ नका. पालकांनीही पावती मागावी. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ ही विमा योजना आहे, वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतची. त्यात थेरपीचा खर्चही येतो, पण कागद नीट असले तरच.

व्हिडिओ हा टाळेबंदीतला सर्वांत दुर्लक्षित प्रश्न. पालकांनी मुलाचे आदळआपट करतानाचे, कधी आंघोळीतले व्हिडिओ थेरपिस्टच्या वैयक्तिक फोनवर पाठवले. ते तिथून ग्रुपवर, ग्रुपवरून कुठं, कुणास ठाऊक. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद केली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी नियम सोपा आहे: व्हिडिओ सेंटरच्या एकाच फोनवर, काम झालं की पुसायचा, आणि अंगावर कपडे नसलेला व्हिडिओ मागायचाही नाही, घ्यायचाही नाही.

संमती पालकांची घेतो, मुलाची कुणी घेत नाही. बोलता न येणारं मूलही नाही म्हणतं: पडदा बंद करतं, उठून जातं, कान झाकतं. समोरासमोर हे दिसतं, पडद्यावर चौकटीबाहेर जातं. तेव्हा आईला विचारा, तो आत्ता काय करतोय? तो उठून गेला असेल तर सेशन संपलं. त्याला ओढून परत बसवायला आईला सांगू नका.

आणि या सगळ्यावर लक्ष ठेवणारं कोण? वर्तनोपचारकांना प्रमाणित करणाऱ्या अमेरिकी मंडळाची नवी आचारसंहिता १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. सेवा अचानक खंडित झाली तर ती कशी सांभाळायची, यासाठी तिच्यात स्वतंत्र कलम आहे. पण त्या मंडळानं २०२३ पासून भारतासारख्या देशांतले नवे अर्ज घेणं बंद केलं. आपल्याकडे भारतीय पुनर्वास परिषद विशेष शिक्षक, वाचा-उपचारक, पुनर्वास मानसशास्त्रज्ञ यांची नोंदणी करते. निव्वळ ‘बिहेवियर थेरपिस्ट’ म्हणवणाऱ्याला प्रत्यक्षात विचारणारं फारसं कुणी नाही. म्हणजे तुमच्या निर्णयाचा हिशेब मागायला पालकांशिवाय दुसरं बहुधा कुणी येणार नाही.

तेव्हा पालकहो, पुढच्या वेळी फी भरायला जाल तेव्हा सेंटरला एवढंच विचारा: उद्या पुन्हा सगळं बंद झालं तर माझ्या मुलाचं काय करणार, ते एका पानावर लिहून द्याल का? आणि सेंटर चालवणाऱ्यांनो, त्यांनी विचारण्याआधीच ते पान लिहा. प्रत्येक मुलाचं वेगळं, तारीख घालून, दर सहा महिन्यांनी बदलून.